सोलापूरकडच्या घराण्याची वंशावळ जुन्या कागदांतून कशी लावायची

वंशावळ शोधायला निघालेला माणूस बहुधा आडनाव हातात घेऊन निघतो आणि तिसऱ्या पिढीतच अडतो. शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या महसुली कागदांत शेतकऱ्याचे आडनाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते. ‘राणू बिन संतू’ एवढ्यावर काम भागवलेले असते. शिवाय आडनाव पालटते. एका भावाकडे पाटीलकी राहिली तो पाटील झाला, दुसरा गाव सोडून गेला तो जुन्या गावाच्या नावाने ‘कर’ झाला, आणि दोन पिढ्यांनंतर एकाच रक्ताची दोन घरे एकमेकांना परकी वाटू लागली. म्हणून नावामागे धावण्याऐवजी गाव, जमिनीचा नंबर आणि फेरफाराचा (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा) नंबर यांचा माग धरा. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी गाव, शाळा आणि कामाचे ठिकाण यांचा धरावा. नाव शेवटी आपोआप हाती लागते.

दुसरी गोष्ट, शोध नेहमी आजपासून मागे जातो. शिवकाळातल्या एखाद्या सरदाराचे नाव घेऊन तिथून खाली आपल्यापर्यंत यायचा प्रयत्न केला, तर मधल्या पाच पिढ्या कल्पनेने भराव्या लागतात. अशा वंशावळी दिसायला भरघोस असतात, पण त्यांतली एकही कडी तपासाला टिकत नाही.

घरातली तयारी

कचेरीत जाण्याआधी एक आठवडा घरात घालवा. एक वही घ्या, माणशी एक पान. पानावर नाव, बापाचे नाव, आईचे नाव व माहेरचे गाव, जन्म-मृत्यूचा अंदाज, जमीन कुठे होती, शाळा कुठे झाली, आणि ही माहिती कोणी दिली एवढे लिहा. शेवटचा रकाना सोडू नका. सहा महिन्यांनी दोन माहित्यांचा मेळ बसत नाही तेव्हा तोच उपयोगी पडतो.

म्हाताऱ्या माणसांना ‘आपले पूर्वज कोण’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ‘सुतक कोणाकोणाचे धरतो?’ असे विचारा. भावकी लगेच उलगडते. म्हाळाला कोणाची नावे घेतात, पोळ्याला किंवा बेंदराला आपल्या बैलांचा मान कितवा, जत्रेत पालखीला खांदा कोणाच्या घराचा, देवक कोणते, कुलदैवत कुठले, हेही विचारा. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन नावे म्हटली जातात, म्हणजे सत्तरीतला माणूस सहज चौथ्या पिढीपर्यंत पोचवतो. लग्न होऊन गेलेल्या आत्यांना आणि आजीच्या बहिणींना जरूर गाठा. गावात राहिलेल्या पुरुषांनी भांडणापायी विसरलेली नावे त्यांना तोंडपाठ असतात.

माळ्यावरची भांडी उतरवा. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावे कोरलेली असतात आणि आहेरातल्या भांड्यावर तारीखही सापडते. जुन्या लग्नपत्रिका, सावकाराच्या पावत्या, शेतसारा भरल्याच्या पावत्या, खरेदीखते यांचे दिवसाच्या उजेडात फोटो काढा. कागद घडीवर तुटत असेल तर चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडतो आणि शाई खातो.

सातबारा आणि फेरफार

जमीन असलेल्या घराण्यासाठी याहून भरवशाचा मार्ग नाही, म्हणून इथे वेळ द्या.

संगणकीकृत सातबारा फक्त आजचे धारक दाखवतो. तुम्हाला हवा आहे हस्तलिखित सातबारा, आणि त्यातही कंस करून किंवा रेघ मारून कमी केलेली नावे. ती गेलेली माणसे आहेत, म्हणजे तुमचे पूर्वज तिथेच आहेत. नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा नंबर. तो टिपा आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागा.

फेरफार अनेक प्रकारचे असतात. खरेदी, गहाण, कुळ, बोजा यांवर सध्या वेळ घालवू नका. वारस आणि वाटप हे दोन काढा. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख, मुलगे, विधवा आणि कधी मुलींची नावे व वये येतात. वाटपाच्या फेरफारात भाऊ आणि पुतणे एकत्र दिसतात. म्हणजे एक कागद बाप-मुलगा जोडतो, दुसरा चुलते-पुतणे.

रीत एका उदाहरणाने पाहा. समजा, मोहोळ तालुक्यातल्या एका गावात गट नंबर २१४ आजोबांच्या नावावर होता. १९७०च्या आधीच्या कागदांत हा नंबर शोधाल तर भलत्याच माणसाची जमीन निघेल, कारण गट नंबर एकत्रीकरण योजनेत, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करताना, पडले. ही योजना १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली आली आणि गावोगाव वेगवेगळ्या वर्षी लागू झाली. म्हणून आधी उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ‘नऊ तीन, नऊ चार’चा उतारा घ्या. त्यावर जुना सर्व्हे नंबर आणि जुना धारक दिसतो. तो सर्व्हे नंबर ८७ निघाला, तर आता ८७चे जुने सातबारे काढायचे, त्यावरचे वर्तुळातले आकडे पाहायचे आणि फेरफार एकेक मागे चाळायचे. असे करत हक्कनोंदणीच्या सुरुवातीपर्यंत जाता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. सुरुवातीचे फेरफार गावातल्या धारकांची जणू यादीच असतात, त्यामुळे लहान नंबरांचे पहिले शे-दोनशे फेरफार सलग चाळावेत. आपल्या घराण्याबरोबर भावकीही सापडते.

त्याही मागे जायचे तर भूमी अभिलेखकडचे शेतवार पत्रक, पक्का बुक, क्लासर रजिस्टर आणि ‘सूड’ ही जुन्या मोजणी-जमाबंदीची पत्रके पाहायची. सोलापूरकडची इंग्रजी अमलातली पद्धतशीर मोजणी व जमाबंदी १८४०च्या सुमारास सुरू झाली, म्हणून या मार्गाची हद्द साधारण तिथे येते. यांतले बरेच कागद मोडी लिपीत आहेत.

फेरफारातल्या आखूड खुणा न समजल्याने फार घोटाळे होतात. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘भ्र.’ आणि ‘मर्द’ यांच्यापुढे नवऱ्याचे नाव येते. ‘सखू कोम राणू’ ही राणूची बायको, मुलगी नव्हे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे त्याच्या अलीकडचे नाव अल्पवयीन वारसाचे आणि पलीकडचे पालकाचे. हा पालक बाप असेलच असे नाही, चुलता किंवा मामाही असतो. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर वा कर्ता. त्याच्या एकट्याच्या नावामागे तीन-चार भाऊ झाकलेले असतात. जमीन त्याच्या नावावर आहे म्हणून तो एकुलता एक होता असे धरू नका. पुढचे वाटप पाहिल्याशिवाय त्याचे पान बंद करू नका.

मुलींची नावे १९५६च्या आधीच्या वारस-फेरफारांत क्वचितच असतात, कारण हिंदू वारसा कायदा त्या वर्षी आला. त्याआधीच्या नोंदीत फक्त मुलगे दिसले तरी मुली नव्हत्याच असा अर्थ नाही. त्यांचा शोध कोतवाल बुकात आणि माहेर-सासरच्या आठवणींत घ्यावा लागतो.

दत्तक हा आणखी एक खड्डा. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव अचानक बदलते आणि शोधणारा त्याला दुसरा माणूस समजतो. अशा वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात दत्तकपत्र शोधा. तिथल्या सूचीत नावावरून दस्त सापडतो आणि जुन्या खरेदीखतात बापाचे नाव, वय, जात, धंदा, राहणार कुठला असे सगळे ओळीने लिहिलेले असते. घराण्यात वाटणीचा दावा झाला असेल तर न्यायालयाच्या निकालपत्राची नक्कल काढा. दाव्यात वंशावळ जोडलेली असते आणि ती विरुद्ध पक्षाने तपासलेली असते. इतकी घासूनपुसून झालेली वंशावळ दुसरीकडे मिळत नाही.

कोतवाल बुक आणि शाळेचा उतारा

जमीन नसलेल्या घराण्यांसाठी हे दोन कागद मुख्य. जमीनवाल्यांसाठी ताळा पाहण्याचे. गाव नमुना चौदा म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात आणि जुनी पुस्तके तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. तीत जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. ‘राणू संतू यास मुलगा’ एवढेच असते. मग तो मुलगा कोणता हे ठरवायला शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा लागतो. त्यात पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते.

दोन्हीकडच्या तारखा जुळत नाहीत तेव्हा घाबरू नका. पूर्वी मास्तर मुलाचे वय अंदाजाने लावत आणि जूनमधली एखादी तारीख टाकत. एक-दोन वर्षांचा फरक नेहमीचा. पाच वर्षांचा असेल तर मधे दुसरे भावंड असण्याची शक्यता तपासा. पहिले मूल गेले की पुढच्याला तेच नाव ठेवण्याची चाल होती.

मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, जात आणि कारण येते: ताप, देवी, पटकी, प्लेग. १८९६नंतरची प्लेगची वर्षे आणि १९१८ची मानमोडी या काळात एका घरातल्या चार-पाच नोंदी लागोपाठ सापडतात, तेव्हा पान उलटण्याची घाई करू नका. आजोबा ‘चुलत्याने सांभाळले’ असे का सांगत, ते अशा पानांवर कळते. १८७६-७७च्या दुष्काळाने सोलापूरकडची कितीतरी घरे गाव सोडून गेली. त्या सुमारास एखादे घराणे गावच्या कागदांतून नाहीसे झाले, तर ते संपले असे न मानता शेजारच्या तालुक्यांत आणि सोलापूर शहरात शोधा.

हे कागद कसे मागायचे? साधा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप, आणि गाव, नोंदवहीचे नाव, वर्ष, माणसाचे नाव. ‘माझ्या पूर्वजांची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज कोणालाच शोधता येत नाही आणि तो परत येतो. एका अर्जात एक नोंदवही आणि पाचेक वर्षांचा टप्पा ठेवा. उत्तर आलेच नाही तर माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद नसेल तर अभिलेख उपलब्ध नसल्याचे लेखी घ्या. सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायम जपायचे, बाकीचे मुदतीनंतर नष्ट होतात. म्हणून काही कागद खरोखरच उरलेले नसतात, आणि ते लेखी मिळाले की त्याच जागी पुन्हा पुन्हा खेटे घालायचे वाचतात.

जातपडताळणीसाठी शोध असेल तर मानीव दिनांक, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेला दिवस, ध्यानात ठेवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा कागद जास्त वजनाचा. जुन्या नोंदीत खाडाखोड असेल तर तशीच नक्कल घ्या. एखादे अक्षरही स्वतः ‘स्वच्छ’ करू नका, त्याने सगळ्या वंशावळीवरचा विश्वास उडतो.

शहरातली, गिरणीतली आणि बाहेरून आलेली घरे

सोलापूर शहरात जमिनीऐवजी घराचा नंबर धरायचा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. वारसनोंदी त्यावर असतात. शहरात महानगरपालिका १ मे १९६४ रोजी झाली, त्याआधीच्या जन्म-मृत्यू नोंदी नगरपालिकेच्या काळातल्या. अर्ज करताना पेठ लिहा. साखर पेठ, दाजी पेठ, जोडभावी पेठ अशी पेठ कळली की चाळायच्या नोंदी पुष्कळ कमी होतात.

पद्मशाली घराण्यांचे मूळ बहुतेक वेळा तेलंगणात निघते. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी आणि स्वतःचे नंतर. मराठी कारकुनाने ते उलटसुलट केले आहे. शिवाय नरसय्याचा नरसू, मल्लय्याचा मल्लू झालेला दिसतो. ‘इंटिपेरू’, म्हणजे हेच घराण्याचे नाव, आणि गोत्र ही जोडी पक्की धरा, आणि मूळ गाव कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिकडचे १९४८पर्यंतचे कागद निजामी अमलातले, म्हणून त्यांत उर्दू आणि फसली म्हणजे शेतसाऱ्याचा सन भेटणार.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुराकडे कन्नड नावांचा प्रश्न येतो. सिद्धराम, सिदराम, सिद्राम, सिद्रामप्पा हा एकच माणूस असू शकतो आणि सिद्धेश्वराच्या या मुलखात त्याच नावाचे दहा वेगळेही असू शकतात. इराण्णा आणि वीरण्णा, बसप्पा आणि बसवण्णा यांचेही तसेच. इथे बापाचे नाव, जमिनीचा नंबर आणि वय ही तिन्ही जुळल्याशिवाय माणूस एकच असे म्हणू नका.

गिरणी कामगारांच्या घरात भविष्य निर्वाह निधीचे कागद, सेवापुस्तक, हजेरीचे कार्ड शोधा. वारसाचे नाव आणि मूळ गाव त्यावर असते. मुस्लिम घराण्यांनी काझींकडची निकाहाची नोंदवही, ख्रिस्ती घराण्यांनी चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी. विमुक्त जमातींच्या घराण्यांसाठी सोलापूरच्या सेटलमेंटचे, म्हणजे या जमातींना सक्तीने ठेवलेल्या वसाहतीचे कागद महत्त्वाचे. १८७१च्या आणि पुढच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली माणसांची सक्तीने नोंद झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. नोंद अन्यायाने झाली, तरी आज पणजोबांचे नाव तिथेच सापडू शकते, आणि त्या नावावर घराण्याचा हक्क आहे.

शंभर-दीडशे वर्षांपलीकडे

कागद शोधण्याआधी त्या वेळी गाव कोणाच्या अमलात होते ते ठरवा. आज अकरा तालुक्यांचा एक जिल्हा दिसतो, पण अक्कलकोट हे वेगळे संस्थान होते, मंगळवेढा सांगली संस्थानाकडे होते, आणि पलीकडची तुळजापूर-नळदुर्गची बाजू निजामाची. मंगळवेढ्याचे १९४८पूर्वीचे कागद सोलापूरच्या इंग्रजी दफ्तरात नाहीत म्हणून कष्टी होण्यात अर्थ नाही. ते संस्थानी दफ्तराच्या वाटेने शोधायचे. उत्तर आणि दक्षिण सोलापूर हे आधी एकच तालुका होते. करमाळा-माढ्यातली काही गावे उजनी धरणात गेली; तिथे पुनर्वसनाच्या यादीतून जुने गाव आणि नवे गाव जोडावे लागते.

मग येतात हेळवी. सोलापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतो. सुगी झाली की बैल घेऊन, घंटा वाजवत ते आपापल्या यजमानांच्या दारी येतात आणि नावे वाचून दाखवतात. तुमच्या भावकीत कोणाकडे हेळवी येत असेल तर तो आल्यावर वहीतले पान त्याच्यासमोर, त्याच्या संमतीने टिपून घ्या आणि त्याची बिदागी मनापासून द्या. त्याच्या वहीत मूळ गाव आणि गाव सोडल्याची हकीकत मिळते, जी सरकारी कागदात नसते. मात्र जुन्या पिढ्यांत एखादे नाव गळलेले किंवा भावांची नावे बाप-मुलगा म्हणून ओळीने आलेली असू शकतात. वर्षांचा हिशेब करून पाहा. पिढीमागे साधारण २५ वर्षे धरली आणि दोन नावांत १० वर्षांचेच अंतर आले, तर ते भाऊ असण्याचा संभव जास्त.

पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडे आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडेही वह्या असतात. तिथे आडनावापेक्षा गाव आणि जात विचारतात, कारण वह्या बहुधा त्या क्रमाने लावलेल्या असतात. पूर्वजाने स्वतः येऊन नाव लिहिले असेल तर सोबत कोण होते तेही दिसते. वतनदार-इनामदार घराण्यांसाठी पुण्याचे पुरालेखागार, ज्याला लोक पेशवे दफ्तर म्हणतात, तिथे रुमालांत बांधलेले कागद आहेत. १८५२च्या कायद्याखाली इनाम कमिशनने वतनदारांकडून कैफियती घेतल्या. हक्क सांगण्यासाठी त्यांत घराण्याची पिढी-दर-पिढी माहिती दिलेली असते. ज्यांच्या घरी वतन वा इनाम नव्हते त्यांना तिथे फारसे काही मिळणार नाही, म्हणून आधी गावचे कागद संपवा.

मोडी वाचायला शिका, निदान नावे आणि आकडे तरी. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि ‘राणू’, ‘रामू’, ‘राजू’ घाईच्या हातात सारखेच दिसतात. एकाच कारकुनाची दहा पाने वाचली की त्याचे वळण हाताला बसते. लिप्यंतर पैसे देऊन करून घेत असाल तर मूळ पानाचा फोटो सोबत ठेवाच आणि शंका असलेल्या अक्षरावर खूण करायला सांगा.

सन उलटवताना चूक झाली की सगळी वंशावळ सरकते. शकात ७८ मिळवा. जानेवारी ते चैत्राच्या आधीची तारीख असेल तर ७९. फसली सनात ५९०, आणि इसवी वर्ष पालटल्यावर ५९१. हा सन आपल्याकडे जूनमध्ये, मृगाच्या सुमारास सुरू होई. पेशवाईतल्या कागदांवर अरबी म्हणजे सुहूर सन शब्दांत असतो, त्यात त्याच रीतीने ५९९ किंवा ६०० मिळवतात. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. म्हणजे इसवी सन १७७१-७२. नुसते ‘सन ७२’ असे असेल तर कोणता सन ते शेजारच्या कागदावरून ठरवा, अंदाजाने नको.

प्रत्येक बाप-मुलगा जोडीसाठी दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे ठेवा: फेरफार आणि शाळेचा उतारा, कोतवाल बुक आणि खरेदीखत, हेळव्याची वही आणि जमिनीचा कागद. सातबारा आणि त्याच्याच आधारे लिहिलेला फेरफार हे दोन पुरावे नव्हेत, एकच. आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात, म्हणून ‘संतू राणू’ आणि ‘राणू संतू’ आलटून पालटून येत राहतात. प्रत्येकाला क्रमांक द्या: मूळ पुरुष १, त्याचे मुलगे १.१, १.२, त्यांचे १.१.१. मुलींनाही याच क्रमात घ्या. एकच पुरावा असलेली रेघ तुटक काढा, दोन पुराव्यांची अखंड. नकलेच्या फोटोला नाव देताना माणसाचा क्रमांक, गाव, नोंदवही आणि वर्ष या क्रमाने द्या, आणि त्या फोटोंची एक प्रत भावकीतल्या दुसऱ्या घरी ठेवायला द्या.